पाहुण्यांचं पाणी

मालकिणीने न्हाणीघरातली तोटी सोडली आणि धारेखाली हात धरला. धार जाड होती, गार होती. तिने तोंडावर दोन ओंजळी मारल्या, तोटी घट्ट आवळली, आणि सकाळपासून गाडीत आंबलेल्या अंगाला जरा हायसं वाटलं. उद्या दुपारी पाहुणे यायचे होते. त्यांच्या आधी स्वतः येऊन सगळं डोळ्यांखालून घालायचं, हा तिचा सहल कंपनी सुरू केल्यापासूनचा शिरस्ता होता.

कंपनी लहानच होती. मोठ्या बस नाहीत, हॉटेलं नाहीत. मूठभर माणसं घ्यायची, डोंगरातल्या गावी आणायची, गावकऱ्यांच्याच घरात उतरवायची, त्यांच्याच चुलीवरचं जेवायला घालायचं आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यायचा. ‘आपण येऊन गेलो हे डोंगराला कळता कामा नये,’ असं ती पाहुण्यांना पहिल्याच दिवशी बजावायची. सुरुवातीला धंद्यातले लोक तिला हसले होते. हल्ली तेच लोक तिला भाषणाला बोलवत.

बाहेर ओट्यावर घरची म्हातारी ताटं पुसत बसली होती. सगळे पाहुणे तिला मावशी म्हणत. मावशी एकदा बोलायला लागली की समोरचा घास हातात धरूनच ऐकत राही. आज मात्र ती नुसतीच पुसत होती.

“पाणी छान येतंय, मावशी.”

“न येऊन सांगतंय कोणाला? पाहुण्यांना कोरडं ठेवीन होय मी?”

“सूनबाई कुठाय? तिच्यासाठी जरा आणलंय.”

पिशवीत मऊ लोकरीचं अंगडं-टोपडं होतं. मागच्या खेपेला सुनेला सातवा लागला होता. आता मूल मांडीवर असायला हवं होतं.

मावशीने हातातलं ताट उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

“माहेरी गेलीय.”

“बाळंतपणाला?”

“हं.”

मावशी ताटं उचलून आत गेली. मालकीण ओला टॉवेल वाळत टाकायला घरामागे आली. तिथे गोठा होता, आणि गोठ्याला लागून चारा ठेवायची अंधारी खोली. टॉवेलाला चिमटा लावत असताना तिला आतून खोकला ऐकू आला. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत चाऱ्याच्या पेंढ्यांवर गोधडी टाकून सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजेड आत आला तशी ती गडबडीने उठून बसली आणि पांघरूण पोटाशी ओढून घेतलं.

“ताई, तुम्ही आजच आलात?” चोरी पकडली जावी तशी ती म्हणाली.

“तू इथे का निजलीस?”

“पुढची खोली सारवून ठेवलीय ना. तुमच्या लोकांसाठी.”

मालकिणीची नजर खोलीभर फिरली. झोळी नव्हती, दुपटं नव्हतं. ती तिथेच उकिडवी बसली.

“झरा आटला,” सून आपणहून म्हणाली. “यंदा उन्हाळ्याच्या आधीच. टाकी भरायची म्हणजे खाली नदीवरून खेपा घालायच्या. घरातल्या सगळ्यांनीच घालायच्या. वरच्या वळणावर निसरडं आहे. डोक्यावर घागर होती, पाय गेला.”

“दवाखान्यात नाही नेलं?”

“जीप नव्हती.” पांघरुणाची कड सारखी करत ती म्हणाली, “हे पाहुण्यांना घेऊन गेले होते. सूर्यास्त बघायला.”

ती तुकडी मालकिणीला चांगली आठवत होती. परत आल्यावर त्यातल्या एका बाईंनी तिला मिठी मारली होती. इतकं शांत गाव आपण जन्मात पाहिलं नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा मावशीचा मुलगाही आला होता. जीप तोच चालवायचा. मालकिणीच्या चेहऱ्याकडे बघताच त्याने मान खाली घातली.

“झरा आटल्याचं मला कोणी सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर पाहुणे आणले असते तुम्ही?” मावशी चुलीत लाकूड सारत म्हणाली.

“नसते आणले.”

“झालं तर मग.”

“मावशी, मी उद्याची सहल रद्द करते. मला यात राहायचंच नाही.”

मावशी चुलीपुढून उठली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू.

“रद्द करा. तुमचं काय अडलंय? हात झटकले की तुम्ही मोकळ्या. चांगली बाई म्हणून चारचौघांत नाव आणखी मोठं होईल. आम्ही शेळ्या विकून ते न्हाणीघर बांधलंय. मेंढ्यांमागे जाणारा माझा पोरगा मेंढ्या सोडून जीपवर बसलाय. आता मागे फिरायला वाट राहिलीय का आम्हाला?” तिचा आवाज फाटला. “आणि तिचं जे गेलं, ते मग कशापायी गेलं?”

मुलगा हातातली किल्ली बोटाभोवती फिरवत होता. ती खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

मालकीण म्हणाली, “पाहुणे येतील. पण न्हाणीघराला कुलूप. ज्याला जेवढं पाणी लागेल, ते त्याने स्वतः नदीवरून आणायचं. घरात कोणी आजारी असेल तर जीप दारातून हलायची नाही. आणि पुढची खोली आजपासून सूनबाईची. पाहुणे ओसरीवर झोपतील.”

“पाहुण्यांकडून पाणी भरून घ्यायचं?” मावशीने कपाळाला हात लावला. “गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही तुम्ही मला.”

“मी सांगेन त्यांना. तुम्ही बोलूच नका.”

दिवस मावळायच्या आत सून पुढच्या खोलीत आली. तिची उशी मालकिणीनेच उचलून आणली. सून पलंगाच्या कडेवर टेकली, परक्या घरी बसावं तशी. मालकीण पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी सरकवून बाहेर आली. पिशवी तिने तशीच गाडीत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे उतरले तेव्हा तिने त्यांना जीपपाशीच थांबवलं. झरा आटलाय, टाकी बंद आहे, प्रत्येकाने आपलं पाणी आपण आणायचं, असं तिने सरळ सांगून टाकलं. बाकीचं सांगितलं नाही. ते सांगणं तिच्या अखत्यारीतलं नव्हतं. आता कपाळाला आठ्या पडतील, कोणी पैसे परत मागेल, म्हणून ती मनाची तयारी करून उभी होती.

“अहो, हे तर फारच छान!” एक दाढीवाले गृहस्थ म्हणाले. “याचसाठी तर आलो. नळाचं पाणी घरी आहेच की.”

सगळ्यांनी एकच गलका केला. घरातल्या घागरी, कळशा, डबे, जे मिळेल ते उचलून तुकडी उताराला लागली. एका बाईंनी मावशीकडून चुंबळ मागून घेतली. पाणी हिंदकळून अंगावर सांडलं की वर ओसरीपर्यंत किंकाळ्या आणि हसणं ऐकू येई. जो तो दुसऱ्याचे फोटो काढत होता. वरच्या वळणावर दाढीवाल्यांचा पाय घसरला आणि ते फतकल मारून बसले.

“परत पडा, परत पडा!” खालून कोणीतरी ओरडलं. “फोटो हलला!”

मावशी ओट्यावर उभी राहून बघत होती. सकाळपासून तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. तो आता खाली आला. तिची लाज गेली होती, आणि तिच्या जागी काय आलं होतं ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मुलगा मालकिणीजवळ येऊन उभा राहिला. बरेच दिवस रिकाम्या राहिलेल्या हाताला काहीतरी लागावं, तसा त्याचा चेहरा झाला होता.

“ताई, लोकांना आवडलं की. हे दर वेळी ठेवू या का? कार्यक्रमातच घालू.”

नजर चुकवायला म्हणून मालकीण मागे वळली. पुढच्या खोलीच्या खिडकीत सून उभी होती. एक हात चौकटीवर, डोळे वळणावर. केव्हापासून उभी होती कोण जाणे.

चुंबळवाल्या बाईंचंही तिच्याकडे लक्ष गेलं. डोक्यावरची घागर एका हाताने सावरत त्यांनी दुसरा हात हलवला.

“अहो, या ना खाली! शिकवा आम्हाला!”

सून त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग तिने खिडकीचं एक दार ओढून घेतलं, मग दुसरं. आतून कडी घातल्याचा आवाज झाला.

मुलाने पुन्हा विचारलं नाही. चपला तिथेच सोडून तो अनवाणी उतार उतरू लागला आणि वळणावर जाऊन त्याने त्या बाईंच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली.