मैनाचं धारोष्ण दूध

मी झिपरी बोलतेय. भातकुलीच्या पार्बताबाईची काळी बकरी. बकऱ्यांना मत्सर नसतो असं वाटत असेल, तर तुम्ही दोन बकऱ्या शेजारी-शेजारी कधी बांधल्या नाहीत.

माझी आई मला जन्म देऊन गेली. बाईनं मला बाटलीनं पाजलं, थंडीत आपल्या लुगड्यात घेतलं. मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या अमरावतीच्या बाजारात विकून आली, की घरात जायच्या आधी ती मला हाक मारायची. मी उत्तर दिल्याशिवाय पाय धुवायची नाही.

मग बाईच्या मालकांनी, खुशालरावांनी, वरूडकडून मैना आणली. पांढरीशुभ्र, लांब कानांची, गाभण. त्या दिवसापासून पहिली हाक तिला.

मैना दिवस भरायच्या आधीच गाभडली. मेलेलं पिल्लू अडकलं, तेव्हा बाईनं उघड्या हातांनी ते काढलं. भाजी कापून कापून विळ्यानं चिरलेले तिचे हात कोपरापर्यंत माखले. मग ती मैनाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. माझी करडं धड जन्मली होती, म्हणून माझ्याजवळ कोणी बसलं नव्हतं.

तरी मैनाला दूध आलं. माझं दूध चहाला, उकळून. तिचं मात्र बाई धार काढल्या काढल्या, फेसासकट प्यायची. "अंगाले लागते हे दूध," असं शेजारणींना सांगायची. मी भांड्याला लाथ मारायची.

मग बाईला ताप येऊ लागला. संध्याकाळी चढायचा, घाम फुटून उतरायचा. कंबर धरायची. गोळ्यांनी बरं वाटायचं, पुन्हा तेच. पुढं डोकं ठणकायला लागलं, मान वाकेना. एका सकाळी ती गोठ्यात येऊन उभी राहिली, माझ्याकडे परक्यासारखी पाहत राहिली आणि खुशालरावांना म्हणाली, "हे कोनाचं घर हाय?"

त्यांनी तिला तसंच अमरावतीला नेलं.

आमचं करायला तिची लेक वर्षाली आली. चारा टाकता टाकता ती शेजारणींना सगळं सांगायची. मायच्या पाठीतून पाणी काढून तपासलं, पण काही उमजेना. शेवटी एका डॉक्टरीणबाईनं विचारलं, घरी जनावरं आहेत का, एखादं गाभडलं का, दूध कच्चं पिता का. तिथं उलगडा झाला. बकरीच्या अंगातले जंतू हातांच्या चिरांतून आणि दुधातून शिरले होते, आणि मेंदूच्या आवरणापर्यंत गेले होते. तिथवर ते क्वचितच पोचतात म्हणे. जीव वाचेल, पण कानांचं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी आमचंही रक्त नेलं. माझं चांगलं निघालं, मैनाचं वाईट. गाडी आली आणि तिला घेऊन गेली. ती आली तेव्हापासून मला हेच हवं होतं. तिच्या वाट्याचं तुरीचं कुटारही मीच खाल्लं. पण मग मला त्या आजाराचाही हेवा वाटू लागला. मैनाचं तेवढं तरी बाईच्या अंगात राहिलं होतं. माझं काय होतं?

बाई भिंत धरत घरी आली. मी जीव तोडून ओरडले. ती माझ्या समोरून निघून गेली. एका कानानं काहीच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. मैनाच्या रिकाम्या खुंट्याशी थांबून तिनं विचारलं, "मैना कुठी गेली?" गाडीनं नेली, असं वर्षालीनं हातानं खुणावलं. बाई तिथंच खाली बसली.

आता घरात जनावरच नको, असं खुशालरावांनी ठरवलं. गिऱ्हाईक मला बघायला आलं, तेव्हा बाई बहिऱ्या माणसासारखी मोठ्यानं बोलली, "झिपरीले नाही इकाचं. थे माह्यापाशीच राहीन."

ती हे मायेनं म्हणाली, की माझं रक्त चांगलं निघालं म्हणून, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता मी व्यायले तर ती हातमोजे घालते. माझं दूध उतू येईस्तोवर उकळतं. तुम्हीही तसंच करा. गाभडलेल्या जनावराला उघड्या हातानं शिवू नका, आणि ताप हटत नसेल तर डॉक्टरांना आपल्या गोठ्याचंही सांगा.

रोज संध्याकाळी बाई माझ्या गळ्यावर तळवा टेकवते आणि म्हणते, "बोल." मी ओरडते. तिला ते हातात कळतं, ती हसते. मैनाच्या गळ्याला असा हात तिनं कधी लावला नव्हता. तेव्हा तशी वेळच आली नव्हती, हे मला ठाऊक आहे. तरी तो हात मी फक्त माझाच मानते.