पान्याचे तीन ठोके

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी धोके सांगितले होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नळी जागची हलणं. मी सही केली. अप्पांच्या गळ्याला भोक पाडलं, श्वासासाठी नळी बसवली, सगळं नीट झालं. घरी आल्यावर दादा म्हणाला, "सुटलो बाबा." जसा काही धोका आम्ही दवाखान्यातच विसरून आलो होतो.

त्या नळीच्या आत आणखी एक नळी असते. कफ साचला की आतली काढायची, धुवायची, परत घालायची. नर्सनं माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. दादाला बघूनच मळमळलं, तो व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

अप्पा जन्मभर फिटर. आवाज गेला, उजवा हात आधीच लुळा. मग डाव्या हातानं पलंगाच्या लोखंडी दांडीवर पाना आपटायचे. एक ठोका पाणी, दोन ठोके कूस, तीन ठोके श्वास. मी स्वयंपाकघरात असो नाहीतर मोरीत, माझा एक कान त्या दांडीला बांधलेला.

त्या दुपारी आत्या बघायला आली. दोन ठोक्यांतच वैतागली.

"नुसती ठणठण. माणूस आजारी आहे की कारखाना चालवतोय?"

दादानं पाना उचलून कपाटावर ठेवला आणि दाराबाहेर गेला. मला सांगितलं नाही. मी चहा टाकलेला. चहा उकळला, गाळला, तरी बाहेर फक्त आत्याचीच बडबड. अप्पा एवढा वेळ गप्प बसणारे नव्हेत. मी गाळणी टाकून धावले.

ओठ काळेनिळे. डावा हात गादीवर पडत होता. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. गादीचा कसला आवाज येणार?

मी आतली नळी फिरवून ओढली. सुकलेल्या डिंकासारखं कफाचं बूच. भोकातून शिट्टीसारखी हवा आत गेली. पुन्हा गेली. मग छाती हलायला लागली.

"मला वाटलं, गादी झटकतोय," आत्या म्हणाली.

"काय ग, मला हाक मारायची ना," दादा आत येत म्हणाला.

"कुणी? अप्पांनी?"

त्याची नजर कपाटावरच्या पान्याकडे गेली. मी पाना काढून अप्पांच्या हातात दिला आणि ती बरबटलेली नळी दादाच्या तळहातावर ठेवली.

"धू. उलटी आली तर करून ये. पण धू."

तो मोरीकडे गेला. ओकल्याचा आवाज आला. मग नळाचा.

अप्पांनी एक ठोका दिला. पाणी आत्यानं आणलं.