कार्मोडीचे अकरा सेकंद

काउबॉयपटांतला नट डेल कार्मोडी याला त्याच्या हयातीत समीक्षकांनी लाकडाचा ओंडका म्हटलं. त्याच्यापेक्षा त्याचा घोडा बरा अभिनय करतो, असंही एकाने लिहिलं होतं. तो जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर प्रूइट नावाच्या प्राध्यापकाने त्याच्यावर पुस्तक लिहायला घेतलं, आणि एके दुपारी तो लॉस एंजेलिसजवळच्या वृद्धाश्रमात ओपल स्ट्रिकलंडला भेटायला आला. ओपल पंचाऐंशीची. कार्मोडीच्या चार चित्रपटांची फिल्म तिच्या हातांनी कापली-जोडली होती.

प्रूइटने लॅपटॉपवर त्यातल्या एका चित्रपटाचा शेवटचा प्रसंग लावला. शत्रू धुळीत पडलेला, कार्मोडीच्या हातात पिस्तूल, आणि तो नुसता लांब कुठेतरी बघतोय. अकरा सेकंद.

"मारणाऱ्याचा पश्चात्ताप," प्रूइट म्हणाला. "त्याला ओंडका म्हणणारे आंधळे होते, बाई."

"तो अभिनय नव्हता," ओपल म्हणाली. साठ वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. "त्या सकाळी तार आली होती. पोरगा कोरियाच्या लढाईत मेला त्याचा, एकोणीस वर्षांचा. तरी हा कामाला उभा राहिला."

तो तुकडा तिनेच जोडला होता. कच्ची प्रत पाहून कार्मोडी तिच्या खोलीत आला होता, टोपी हातात धरून. "पोरी, तेवढं काढ. ते माझं आहे, चित्रपटाचं नाही." ती हो म्हणाली. पण दिग्दर्शकाला तेवढंच आवडलं होतं, आणि तिला बढती हवी होती. तुकडा तसाच राहिला. पुढे कार्मोडी दिसला की टोपीला हात लावायचा. बोलला मात्र कधीच नाही.

"आता काढता येईल का? निदान नवी प्रत निघेल तिच्यातून?" ओपलने विचारलं.

"काढला तर मागे उरतो तो ओंडकाच," प्रूइट म्हणाला.

"बरं, तारेचं तरी लिहू नकोस."

प्रूइटने तिचा हात थोपटला.

ऑक्टोबरात, जिथे चित्रीकरण झालं होतं त्या डोंगरापायथ्याच्या गावात, कार्मोडीच्या चित्रपटांचा महोत्सव भरला. प्रूइटने मंचावरून तारेची सगळी हकिगत सांगितली आणि मग ते अकरा सेकंद दाखवले. लोक डोळे पुसत उभे राहिले, टाळ्या थांबेनात. ओपलच्या शेजारी बसलेली कार्मोडीची मुलगी लिओनोर तेवढी उठली नाही. तीही आता सत्तरीची.

"त्या संध्याकाळी बाबा घरी आले, टोपी टांगली आणि जेवायला बसले," ती म्हणाली. "आई मरेपर्यंत म्हणायची, ह्या माणसाला पोराचं काही वाटलं नाही. हा सीन मी तेव्हाही पाहिला होता. वाटलं, पडद्यावर परक्यासाठी हळहळणं जमतं ह्यांना, घरात नाही. मी त्यांच्या मातीलाही गेले नाही."

ती ओपलकडे वळली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"एक फोन तरी करायचात मला."

ओपल म्हणाली, "करायला हवा होता." लिओनोरने पर्स उचलली आणि बाजूच्या दाराने ती निघून गेली. बाहेर प्रूइटच्या पुस्तकासाठी रांग लागली होती.

त्या हिवाळ्यात ओपलने तिला दोन पत्रं लिहिली. दोन्ही न उघडता परत आली. तिसरं तिने लिहायला घेतलं नाही.