उलटा फेरा

डब्याची कडी वाजू नये म्हणून भिकाने ती अंगठ्याने दाबून धरली आणि डबा दारातच टेकवला. आत लोखंड कातायचा जुना लेथ सुरू होता आणि त्यावर भिकाची मुलगी रोशनी कामाला उभी होती.

सकाळी तर म्हणाली होती, नव्या मशीनवर बसवलंय.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चालत्या मशीनवरच्या माणसाला मागून हाक मारायची नाही, ही टर्नर लोकांची पहिली रीत. दचकून मान वळली की हात कुठे जाईल, सांगता येत नाही.

नरोलीतल्या या वर्कशॉपमध्ये तो लेथ मुंबईतल्या एका बंद गिरणीतून आला होता. विलायती बिडाचं धूड. नावाची अक्षरं हात लागून लागून पुसट झालेली, पण कुणा गोऱ्या कारागिराने हाताने घासलेला पाया अजून पाण्यासारखा सपाट. चामडी पट्टा संथ फटफटत फिरायचा. भिका धुळ्याहून आला तो त्याच्यावरच शिकला, आणि पहिली काही वर्षं घरापेक्षा त्याचाच जास्त झाला.

मात्र त्याची एक खोड होती. कातायचा तुकडा पकडणारा जड चक नव्या लेथवर कुलुपासारखा अडकवलेला असतो. याचा बाटलीच्या बुचासारखा आट्यांवर फिरवून बसवलेला. सुलटा फिरला की आवळत जातो. मोटर एकदम उलटी केली की हिसक्याने सुटून येतो. वाळू नावाच्या त्याच्या जोडीदाराने घाईत एकदाच तशी केली होती. शेजारच्या मशीनवर भिका होता. वाळूला बाहेर नेलं, तेव्हा त्याच्या छातीकडे बघवत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून भिका गेटवर वॉचमन झाला. घरी त्याने सांगितलं, डोळे अधू झाले.

आणि रोशनी आयटीआयत नव्या लेथवर शिकलेली. आटे पाडताना कातणारं टूल शेवटाला पोचलं की मोटर उलटी करायची, टूल मागे आणायचं. हाताला तीच सवय.

टूल शेवटाकडे सरकत होतं. काळ्या तेलाचा धूर निघत होता. रोशनीचा हात मोटरच्या कळीकडे गेला.

भिकाने दाराची चौकट धरली.

खट्. मोटर बंद झाली. चक हळू होत होत थांबला. तो पुरता थांबेपर्यंत रोशनी हात मागे घेऊन उभी राहिली. मग तिने टूल बाहेर ओढलं, दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि विहिरीवर पाणी शेंदावं तसा तो हळूहळू उलटा ओढत टूल मागे आणू लागली.

"अरे बेन, ऐसे तो शाम होईल!" केबिनमधून हेमंतभाई शेठ ओरडले. "रिव्हर्स मार ने!"

"होऊ द्या शाम, शेठ. घाई असंल तर तुम्ही या ओढायला."

शेठ हसले आणि फोनला लागले. भिका तेव्हा कुठे आत आला.

"आप्पा? कधी आले? केवढा घाम आलाय तुम्हाला."

"हे... असं हातानं ओढायचं, कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही." रोशनीने कपाळावरचं तेल मनगटाने पुसलं. ती जरा घुटमळली. "तुम्ही झोपेत ओरडता ना. मी लहान होते तेव्हापासून. वाळू, उलटा नको, उलटा नको. आज हे मशीन दिलं, तर आधी चक कसा बसवलाय ते खोलून पाह्यलं. मग समजलं."

"रोज ओरडतो?"

"रोज नाही." ती पुन्हा पट्ट्याकडे वळली. "आई उठून पाणी देते, मग निजता."

आपल्याला तहान लागते म्हणून जाग येते, असंच भिका इतकी वर्षं समजत आला होता.