टिटोडी उठली तो दिवस

मी एक टिटवी बोलतेय. भर दुपारी बोलतेय, तेव्हा दचकू नका. अंधारात माझा आवाज आला की माणसं कूस बदलतात आणि कुणाची वेळ भरली असेल, असं पुटपुटतात. मला कुणाच्या वेळेतलं काही कळत नाही. कुत्रं आलं, मुंगूस आलं, की मी ओरडते. पण इथे, वावडी गावात, माझ्या ओरडण्याला आणि न ओरडण्यालाही अर्थ असतो. इथले लोक मला टिटोडी म्हणतात आणि माझ्यावर विश्वास ठेवतात. त्या विश्वासाचीच ही गोष्ट आहे.

आम्ही घरटं बांधत नाही. मोकळ्या जमिनीवर खड्यांमध्ये जरा खळगा करायचा आणि त्यात खड्यांसारखीच ठिपक्यांची अंडी घालायची, एवढंच. माझा जन्म वावडीच्या वेशीजवळच्या टेकाडावरचा. मी अंड्यात होते तेव्हाच मला माणसांचे आवाज ऐकू आले. कवचातून उजेड तांबूस दिसतो. त्या तांबूस उजेडावर अचानक सावल्या पडल्या आणि वर माझी आई जिवाच्या आकांतानं ओरडू लागली.

"तीन अंड्यांची टोकं खाली, एकाचं आडवं," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे तीन महिने पाऊस, बापा?"

"तीन महिने. आणि टेकाडावर बसलीय, म्हणजे पाणी भरपूर."

म्हणजे मी जन्मण्याच्या आधीच पावसाचा अंदाज झाले होते.

तो सांगणारा आवाज जादवबापाचा. पांढरा फेटा, हातात काठी, डोळे बारीक. वावडीत पावसाचं सगळं त्यांना विचारायचं. होळीचा धूर कुठे वळला, कडुनिंबाला लिंबोळ्या किती आल्या, कावळ्यानं काडी कुठल्या फांदीवर नेली, सगळं ते बघत. पण शेवटचा शब्द टिटोडीचा. ती उंचावर बसली तर पूर, सखल जागी बसली तर कोरडं. मी मोठी झाले, माझी अंडी झाली, आणि दर वैशाखात बापा माझ्याकडे येऊ लागले. लांबच थांबायचे. जोडे काढायचे. हात जोडायचे. त्यांची सावली माझ्या अंड्यांवर कधी पडली नाही. मी ओरडायचे ती रीत म्हणून. ते परत फिरायचे आणि नदीकाठच्या हुसेनभाईंच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे. तिथे गाव वाटच बघत असायचं.

ती टपरी मला उडताना रोज दिसते. दिवसभर तिथे एकच विषय, आकाश.

"आज वारा फिरला."

"वारा नाही फिरला, वालजी, तुझी मान फिरलीय. पंख्याखाली झोपू नकोस."

वालजीभाई पूर्वी बसमध्ये कंडक्टर होते. अजूनही सगळ्यांना पुढे सरका, पुढे सरका म्हणतात.

"बापा, मागल्या साली तुमच्या टिटोडीनं चार महिने सांगितले. माझ्या बायकोनं श्रावणातच पापड वाळवले," हुसेनभाई बशीत चहा ओतत म्हणायचे.

"मी कुठे सांगतो? टिटोडी सांगते," बापा म्हणायचे.

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्यांना ते नम्रपणाचं वाटत असेल. माझ्या मात्र पंखांवर काहीतरी ठेवल्यासारखं व्हायचं.

गेल्या वर्षी यंत्र आलं आणि आमचं टेकाड सपाट झालं. तिथे लग्नाचा पार्टी प्लॉट झाला. हिरवं गवत अंथरलं, दिवे लावले. लग्नांचं उष्टं बाहेर पडायचं आणि त्यावर गावभरची कुत्री जमायची. मी आणि माझा जोडीदार रानभर फिरलो. तळ्याच्या बांधावर कुत्री. शाळेच्या मैदानावर मुलं. शेवटी मी खारी नदीच्या पात्रात उतरले.

खारीला नदी म्हणायचं, पण उन्हाळाभर ती वाळूच असते. त्या वाळूत मोंघीबेन आणि तिचा नवरा देवशी कलिंगडं लावतात. वेड्या बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतात, खोप बांधतात आणि पाण्यासाठी वाळूत झिरा खणतात. मला कुंपण बघून बरं वाटलं. आत कुत्रं येणार नव्हतं. शिवाय झिऱ्यात पोट भिजवून अंडी गार करता येणार होती. म्हणून मी तिथे बसले. दुसरं काहीही कारण नव्हतं.

मोंघीबेननं अंडी बघितली आणि भोवती चार दगड मांडले, म्हणजे देवशीचा पाय पडू नये. ती वेल खुडता खुडता माझ्याशी बोलायची. "काय बाई, तुझा नवरा तरी वेळेवर घरी येतो. माझा बघ, कलिंगडं विकायला छकडा घेऊन हमरस्त्यावर जातो आणि गप्पाच विकून येतो." ती जवळ आली तरी ओरडणं मी सोडलं होतं.

आणि मग बापा आले. कुंपणाबाहेर थांबले. जोडे काढले. बराच वेळ बघत राहिले.

"टिटोडी पात्रात बसली," ते टपरीवर जाऊन म्हणाले. "जेठ महिना कोरडा जाणार."

त्या एका वाक्यानं गाव सैल झालं. गळकी कौलं तशीच राहिली. एरवी जेठ लागला की मोंघीबेन खोप मोडून पात्र सोडते. या वेळी तिच्या वेलांवर उशिराचं फळ धरलं होतं, मुठीएवढं. ते वाढलं तर पार्टी प्लॉटवाले सगळं घेणार होते. ती पदर सावरत काठावर गेली आणि तिनं विचारलं, "बापा, नक्की ना? मी राहू?"

"मी कुठे सांगतो, दीकरी? टिटोडी सांगते."

"मग राहते," बापांची ती मानलेली लेक म्हणाली.

त्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. देवशी छकडा घेऊन गेला होता. मोंघीबेन फळांवर पालापाचोळा झाकत होती. माझ्या अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येऊ लागली होती. ती ऐकू आली की आई हलत नाही. कोणतीच नाही.

पण माझ्या पोटाखाली वाळू वेगळी लागत होती. ती थरथरत होती, फार बारीक, लांब कुठेतरी मोठा कळप पळत असावा तशी. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता आणि आभाळात तर ढगाचा तुकडा नव्हता. जोडीदार दोनदा उडून आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. मी उठले नाही.

टपरीवर हुसेनभाईंचा फोन वाजला. त्यांची बहीण नदीच्या वरच्या अंगाला राहते. ते फोन कानाला लावूनच काठावर धावत आले.

"मोंघीबेन! वर धो धो पडलाय! बहिणीच्या गावचा पूल बुडाला! बाहेर निघ!"

मोंघीबेननं कमरेवर हात ठेवले. "हुसेनभाई, परवा तुमच्या फोनवर वादळ आलं. काल उन्हानं माणसं मरणार होती. आधी तुमच्या फोनला ठरवू द्या!"

काठावरचे लोक हसले. वालजीभाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "अरे, ती बघा ना. कशी निवांत बसलीय! पाणी येणार असतं तर तिला कळलं नसतं?"

"तेच म्हणते मी," मोंघीबेन म्हणाली. "ती उठली की मी उठेन."

निवांत! पोटाखालची वाळू आता जोरात थरथरत होती. पण लांबून बघणाऱ्याला बसलेली टिटवी निवांतच दिसते.

बापा टपरीवर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी काठी घेतली आणि ते पायवाटेनं खाली उतरू लागले.

"बापा, कुठे?"

"जरा पाय मोकळे करतो."

ते कुंपणाशी आले आणि थांबले नाहीत. जोडे काढले नाहीत. काट्यांत काठी घालून त्यांनी वाट केली आणि सरळ माझ्याकडे चालत आले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. पण असे कधी बघितले नव्हते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांचे डोळे नदीच्या वरच्या वळणावर होते. पावलं मात्र अचूक माझ्या अंड्यांकडे पडत होती.

त्यांची सावली अंड्यांवर पडली आणि मी उठले.

मी ओरडले. जोडीदार ओरडला. मी त्यांच्या फेट्यावर झेप घेतली, पंख मारले, पुन्हा वर जाऊन पुन्हा झेप घेतली. कोणीही मागे सरकलं असतं. बापा सरकले नाहीत. ते अंड्यांभोवती फिरत राहिले, काठी उंच धरून, मी आणखी ओरडावं म्हणून.

"बापा! अहो, हे काय करताय? अंडी!" मोंघीबेन धावली.

"मी काही केलं नाही!" बापा मोठ्यानं म्हणाले. "ती आपणहून उठली! ऐक, कशी ओरडतेय! पाणी सांगतेय ती, पाणी! पळ, दीकरी!"

ते खोटं बोलत होते. मला ते दिसत होतं, कारण मी त्यांच्या तोंडासमोर होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. हुसेनभाईंचा फोन त्यांना खरा वाटला होता. पण मोंघीबेनला माणसाचं खरं वाटलं नसतं, त्यांचंही नाही. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ही सवय त्यांनीच तिला लावली होती.

मोंघीबेननं वर माझ्याकडे बघितलं. हातातला विळा टाकला. "चला, बापा, हात द्या!"

"तू हो पुढे. माझे पाय तुझ्याएवढे तरणे नाहीत. मी आलोच."

ती पळाली. काठ चढली. तेव्हा वळणावर पाणी दिसलं. ते पाण्यासारखं नव्हतंच. काटे, फांद्या, पत्रे, माती यांची एक तपकिरी भिंत उन्हात चालत येत होती.

बापा वळले. दोन पावलं काठाकडे गेले. मग परत आले आणि माझ्या अंड्यांवर वाकले. त्यांनी हात पुढे केला. मोजायला की उचलायला, मला आजही कळलेलं नाही. मी आई होते. मी त्यांच्या हातावर चोच मारली.

त्यानंतर खाली फक्त पाणी होतं.

बापांचा देह संध्याकाळी खालच्या बाभळींत सापडला. मोंघीबेन त्यांच्याशेजारी काठावर बसून राहिली, देवशी येईपर्यंत तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

आता टपरीवर गोष्ट वेगळी आहे. "पाणी यायच्या तासभर आधीपासून ओरडत होती, माझ्या डोळ्यांनी बघितलं," वालजीभाई सांगतात. "आणि मी फोन घेऊन बोंबलत होतो, ते कुणाच्या डोळ्यांनी बघितलं?" हुसेनभाई विचारतात. लोक हसतात. काठावर एक छोटी देरी, म्हणजे देवळी, बांधलीय. त्यात बापांचा फोटो आहे आणि मातीची टिटोडी. तिच्यासमोर उदबत्ती लावतात. मी तिच्याकडे बघते आणि ती मला ओळखत नाही.

यंदाही मी पात्रातच आहे. कुत्री अजून गावात आहेत. मोंघीबेननं पुन्हा कुंपण घातलंय, पुन्हा वेल लावलेत. माझी चार अंडी तिच्या दगडांच्या मध्ये आहेत. गाव काठावर जमलं होतं. सांगणारं कुणी नाही, म्हणून त्यांनी तिलाच विचारलं. "मोंघीबेन, तू तिच्या शेजारी असतेस. काय सांगतेय यंदा?"

"काही सांगत नाही," ती म्हणाली. "तिला पिल्लं हवीत."

लोकांना ते पटलं नाही. ही लपवतेय, असं कुजबुजत ते गेले.

आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. दुपारी, सगळं रान स्तब्ध असतं तेव्हा, अंड्यांवर सावली पडते. वाकलेली, एक हात पुढे केलेली. वर ढग नसतो, घार नसते, माणूस नसतो. अंडी एकदम गार पडतात. मी उठते आणि ओरडते, आणि ज्याच्यावर झेप घ्यावी असं समोर कुणी नसतं. मोंघीबेन तेव्हा काहीच विचारत नाही. हातातलं काम टाकते आणि काठ चढून जाते. सावली गेली की परत येते आणि मला म्हणते, "बस आता, बाई."

माझं एवढंच मागणं आहे. माझी अंडी मोजू नका. मी कुठे बसले त्यावरून काही ठरवू नका. मी ओरडले तर आभाळाकडे बघू नका. माझ्याजवळ कोण आलंय ते बघा. कुत्रं असेल तर हाकला. माणूस असेल तर त्याला मागे बोलवा.

आणि नीट बघूनही कुणीच दिसलं नाही, तर मात्र थांबू नका. वर निघा.