बाबाने रिजेक्ट केलेली बॅच

"बाबा, ही काडतुसं गाडीत नाही ठेवायची!" मी गॅरेजमधून ओरडले.

"ठेव गं मैत्री. उशीर होतोय."

बाबाच्या दारातून येरझाऱ्या सुरू होत्या. खांद्याच्या ऑपरेशननंतरची त्याची ही पहिली शूटिंगची मॅच. विकतची काडतुसं त्याला चालत नाहीत, म्हणून अख्खा हिवाळा बसून त्याने ही स्वतः भरली होती. आणि मी आत्ता बेंचखाली प्रायमरचा रिकामा डबा बघितला. प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी इवलीशी टोपी.

"हे तर मऊवाले आहेत! बोल्ट-ॲक्शनचे, दर गोळीला हाताने खटका ओढायच्या रायफलीचे!"

"ती जुनी रायफल प्रल्हादकाकांना दिली, तेव्हा उरले होते. नेहमीचे कडक मिळेनात. वाया कशाला घालवायचे?"

उरलेल्या भाताला फोडणी द्यावी तसा बोलला!

"अरे, ही सेमी-ऑटो आहे! काडतूस आत ढकलणारा बोल्ट स्वतःच धाडकन पुढे येतो, आतली पिन सैल, ती प्रायमरला टेकते. कडक असेल तर ठीक. मऊ उडला तर? बोल्ट लॉक व्हायच्या आधी? तुझ्या तोंडाजवळ?"

"मीच शिकवलंय हे तुला."

"मग?"

"परवा थोडी मारून बघितली. काही नाही झालं."

बाबा कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. दुसऱ्यांच्या बॅचेस रिजेक्ट करतो आणि सगळ्यांच्या शिव्या खातो.

"तिथे कुणी म्हणालं असतं, थोडी तपासली, काही नाही झालं, तर तू सही केली असतीस?"

आता ओरडणार, असं वाटलं. पण त्याने घड्याळाकडे बघितलं, मग काडतुसांकडे.

"नसती केली," तो म्हणाला.

"वाटेत विकतची घेऊ ना! आजच्या दिवस, प्लीज?"

"दुकानं उघडेपर्यंत मॅच अर्धी संपेल."

"क्लबमध्ये कुणाकडून तरी?"

"दुसऱ्याच्या हातची आपल्या रायफलीत घालायची नाहीत. हेपण शिकवलं होतं."

त्याने मार्कर घेतला, पेटीवर मोठ्या अक्षरांत 'रिजेक्ट' लिहिलं, तारीख घातली, सही केली. रायफल परत कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"चल."

"आता कुठे?"

"स्कोअर मांडायला माणसं लागतात तिथे."

रेंजवर सगळे आपापल्या चटईवर पालथे पडले. बाबा एका अनोळखी बाईच्या मागे स्टुलावर बसला. शूटिंगचं जाड जाकीट त्याने गळ्यापर्यंत बंद केलं होतं. ऊन चढलं तरी काढलं नाही. ती नेम धरायची, तेव्हा तोही श्वास रोखून धरायचा, आणि आवाज झाल्यावर वाकून तिचा आकडा लिहायचा.