पाहुणी गाय

मेलेली कालवड ट्रॅक्टरने ओढून नेल्यावर तिने खराटा घेतला आणि ती जागा घासून काढली. वर चुना टाकला. उरलेल्या गाई माना टाकून उभ्या होत्या. अंगभर लम्पीच्या सुपारीएवढ्या गाठी.

लस तर वेळेवर टोचून घेतली होती. तिचा सगळा संताप त्याच गोष्टीवर होता.

"जिवंत लस म्हणजे जिवंत रोगच की! धडधाकट जनावरांत रोग टोचून गेली ती बाई," थोरला भाऊ म्हणाला होता.

भावाचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. नवरा गेल्यावर हा गोठा त्यानेच तर उभा करून दिला होता. परवा लस टोचणारी जनावरांची डॉक्टरीण गाई बघायला आली, तेव्हा हिने तिला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं आणि फाटकातूनच परत पाठवलं. तेव्हापासून वस्तीत कुणी लसीचं नाव काढू देईना.

जाताना डॉक्टरीण एवढंच म्हणाली होती, "लसीतला विषाणू जिवंत असतो ताई, पण नखं काढलेला. जनावराच्या अंगात ताकद यायला मात्र तीनेक आठवडे जातात. मधे बाहेरचं जनावर आत घेतलं होतं का?"

"छे!" ती तोऱ्यात म्हणाली होती. भावाची गाय बाहेरची कशी?

आपल्या गोठ्याचं छप्पर बदलायचंय म्हणून लसीच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ती गाभण गाय इथे आणून बांधली होती. गोठ्यात तेवढी तीच तुकतुकीत. आटलेली, म्हणून तिच्या कासेला कुणाचा हात लागला नव्हता. आज तिने सहज तिच्याही अंगावरून हात फिरवला. पाठ साफ होती. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं थबकली. केसांखाली टणक, गोल वण होते. एक, मग शेजारी दुसरा. कासेवर तर जाळंच. भरून आलेले, पण ओळखू न येण्यासारखे नव्हेत.

संध्याकाळी भाऊ आला, खुर्ची ओढून बसला, कालवडीसाठी हळहळला.

"दादा, तुझ्या गाईला गाठी आल्या होत्या?"

तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला.

"माझ्याकडे डेअरीची तपासणी होती गं. दिसली असती तर सगळ्या गोठ्याचं दूध बंद केलं असतं. खपल्या धरल्या होत्या, मला वाटलं, बरीच झालीय."

"आणि छप्पर?"

"छप्पर... बदलायचंच होतं कधीतरी."

"मी त्या बाईला फाडून खात होते, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास."

"झालं ते झालं. घरातली गोष्ट घरात राहू दे. मी काय परका आहे?"

तिने हात पदराला पुसले आणि फोन लावला.

"डॉक्टरीणबाई, मी बोलतेय. ठेवू नका. लसीचा काही दोष नव्हता. हो, आणलं होतं जनावर... कुणी, ते त्यांच्याच तोंडून ऐका. आणि उद्या वस्तीवर या, तेव्हा सगळ्यांसमोरही तेच सांगतील."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने हात मागे घेतला.

"घ्या," ती म्हणाली. "बोला."